कार्डावर मागवलेला जिताडा

विमानतळावरच्या खास खोलीत फुकट बसायचा हक्क आमच्या घरात एकट्या मला आहे, आणि मी अजून विमानतळ आतून पाहिलेला नाही.

हा हक्क मला बँकेने दिला. माझे दोन ट्रेलर उरणला बंदरावर चालतात. खात्यात पैसे येतात आणि जातात (जातात जास्त), ते बघून बँकेला वाटलं असणार की हा गृहस्थ सारखा परदेशात असतो. तर एक दिवस घरी काळंभोर, धातूचं, हातात चांगलं जड लागणारं कार्ड आलं. सोबत पुस्तिका. विमान चुकलं तर हॉटेल, बॅग हरवली तर भरपाई, महिन्यातून दोनदा गोल्फ. मी ती पुस्तिका दहावीच्या परीक्षेलाही केला नव्हता इतका अभ्यास करून वाचली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यातल्या खोलीचं फार कुतूहल.

"त्या खोलीत देतात काय?"

"खायला, प्यायला. बसायला सोफा. फुकट."

"मंग येवढा सगला सोडून इमान कनाला पकडायचा?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.

मला स्वतःला ओढ लागली होती ती शेवटच्या पानाची. तिथे एक फोन नंबर होता. तुम्ही जगात कुठेही असा, काय हवं ते सांगायचं, ती माणसं मिळवून देणार. खरं की काय? मी नंबर लावून पाहिला. पलीकडे रिया मॅडम.

"कुछ नहीं चाहिए," मी म्हणालो. "लगता है क्या, वो देखा."

"शुअर सर," त्या म्हणाल्या.

घरात तीस वर्षं संसार केला, पण मला इतक्या गोड आवाजात 'शुअर' कोणी म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीही नंबर लागतो का ते पाहिलं.

अशात आमच्या सायलीचं लग्न झालं आणि मे महिन्यात जावई, निलेशराव, पहिल्यांदा जेवायला येणार असं ठरलं. सोबत त्यांच्या आई, तळा गावच्या. शाळेतून बाई म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणजे चूक काढल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, जावई पहिल्यांदा पानावर बसला की पानात जिताडा लागतो. खाडीतून बोटाएवढं पिल्लू आणून घराजवळच्या तळ्यात सोडायचं आणि दोन-तीन वर्षं पोरासारखं राखायचं, असा हा मासा.

"लग्नात मटण कमी पडलं ते विहीणबाई अजून विसरल्या नाहीत," बायको म्हणाली. "आता जिताड्यात काही कमी-जास्त झालं तर सायलीला जन्मभर ऐकावं लागंल. सांगून ठेवते."

"तल्यात एक हाय," आबा म्हणाले. "तीन सालं राखलाय. तिच्यासाठीच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खिशात कार्ड होतं.

"तुमचा राहू द्या आबा. सासरा काय चीज आहे ते जरा कळू दे त्यांना. मी कार्डावर मागवतो."

"तळ्यात मासा असताना फोनवर?" बायको म्हणाली.

"तुला प्रीमियम म्हणजे काय ते कळत नाही."

आबा चुन्याची डबी उघडून बसले.

रिया मॅडमना जिताडा समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "सर, बहुत रेअर मछली है. लेकिन मुंबई में हमारे सप्लायर ने एकदम असली जगह ढूँढ ली है. संडे को पहुँच जाएगी." मी फोन ठेवला आणि बायकोकडे नुसतं पाहिलं. तिने भाकरी उलटली.

शुक्रवारी चहाच्या वेळी आबा म्हणाले, "पेनचा मासलीवाला आलता. तल्यातला जिताडा न्हेला."

"दिलात?"

"तुला नको व्हता ना. मुंबईचा कोन शेठ हाय, त्याला पायजेच. बोलेल तो भाव देतोय. येडा शेठ हाय कोनतरी."

मी इतका हसलो की चहा बशीबाहेर गेला.

"असतात आबा अशी माणसं," मी म्हणालो. "पैसा आला की अक्कल जाते."

"व्हय," आबा म्हणाले.

रविवारी पाहुणे येऊन टेकतात न टेकतात तोच दारात पांढरी एसी गाडी उभी राहिली. हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरने भलीमोठी पेटी आणून ओटीवर ठेवली. झाकण मी मुद्दाम विहीणबाईंसमोरच उघडलं. आत बर्फ आणि बर्फावर जिताडा. कमरेला सोनेरी फीत! (जावयाला लग्नात आम्ही इतकं नटवलं नव्हतं.)

आबा वाकले. त्यांनी शेपूट उचलून पाहिलं. एका कडेचा तुकडा नव्हता.

"हा आपला हाय. मागल्या साली खेकड्यानं तोरली व्हती शेपटी."

"आबा, जिताडे सगळे सारखेच दिसतात."

"तुझी पोर तुला वलखता येते का न्हाय?"

मी काही बोलायच्या आत विहीणबाईंनी चष्मा लावला आणि फितीला बांधलेली चिठ्ठी मोठ्याने वाचली. मासा कुठल्या गावचा, कुठल्या तळ्यातला. गाव आमचं. तळं आबांच्या नावाचं.

म्हणजे मासा शुक्रवारी घरून निघाला, पेणमार्गे मुंबईला गेला, दोन रात्री थंडगार जागेत राहिला आणि रविवारी एसी गाडीने परत घरी आला. माझ्या पैशाने. सायलीचा चेहरा एवढासा झाला होता. मटणापाठोपाठ आता हे. पोरीच्या सासरी मीच तिची लाज काढली होती.

विहीणबाईंनी चष्मा उतरवला. त्यांचे खांदे हलायला लागले. मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की ठसका लागला, आणि सायली पाणी आणायला धावली.

"विलासराव," त्या म्हणाल्या, "माशाचं माहेरपण करावं तर तुम्हीच. आमच्या सायलीलाही असंच एसी गाडीने परत सोडत जा हो."

सायली हसली तेव्हा कुठे मी श्वास घेतला. जिताड्याचं डोकं मानाने जावयाच्या पानात पडलं, आणि विहीणबाईंनी कालवण दोनदा मागून घेतलं. मटणाचा विषय त्यानंतर कधीच निघाला नाही. माझं नवं नाव मात्र गावभर झालं. आबांनी त्याची सोय संध्याकाळपर्यंत केली होती.

परवा रिया मॅडमचा फोन आला. कार्डाला वर्ष झालं, नवीन येणार, नाव कसं छापायचं? मी फोन स्पीकरवर टाकला होता (घरच्यांनी ऐकावं म्हणून).

मागून आबा म्हणाले, "येडा शेठ लिवा."

"शुअर सर," रिया मॅडम म्हणाल्या.