सातवा फर्मा

कन्नूरकडच्या आमच्या गावातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं सव्वीस वर्षं नाणुएट्टनांनी, म्हणजे नाणूदादांनी, बांधली. मी तिथे कारकून होतो. खिळखिळी झालेली पुस्तकं वेगळी काढायची, पिशवीत भरून त्यांच्या ओसरीवर नेऊन द्यायची आणि पंधरा दिवसांनी परत आणायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध असायला हवा होता. यंदा वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून एक पुस्तिका निघाली. तीत त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे : एक दुर्मिळ पुस्तक बांधणाऱ्याच्या हातून फाटलं, म्हणून काम दुसऱ्याला दिलं. ती ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. खरं काय ते माहीत असलेल्यांपैकी आता त्यांची मुलगी अजिता तेवढी आहे, ती मस्कतला असते आणि बोलणार नाही. उरलो मी. सांगून नाणुएट्टनांचा शब्द मोडतोय की काय, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

जुन्या पुस्तकाचे टाके कापले की त्याचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. खळ लावायच्या आधी ते चार दिवस नुसतेच पडून असतात. नाणुएट्टनांच्या घरात त्या चार दिवसांत पुस्तक वाचून व्हायचं, आणि तेही सगळ्यांचं मिळून. घरात चार माणसं : ते, बायको देवू, अजिता आणि त्यांची आई चिरुतम्मा. सकाळी फर्मे उलटे ठेवून पिसायचे आणि पत्त्यांसारखे वाटायचे. ज्याच्या वाट्याला जो येईल तो त्याने दिवसभरात वाचायचा. संध्याकाळी पेज पिऊन झाली की ओसरीवर बसून आपापला भाग तोंडी सांगायचा, पानाचा आकडा मात्र लपवायचा. बाकीच्यांनी ओळखायचं, हा फर्मा कितवा. चुकेल त्याच्या कानात कुणुक्क. पत्त्यांत हरणाऱ्याच्या कानाला आमच्याकडे काहीबाही लटकवतात, तेच हे. यांच्याकडे ते कागदाच्या कातरणीचं असे, घडी घालून कानावर अडकवलेलं. पुढचा डाव जिंकेपर्यंत काढायचं नाही.

मी पिशवी द्यायला जायचो आणि रेंगाळायचो. एकदा चिरुतम्मा म्हणाली, "लायब्ररी, खांबाला टेकून टेकून खांब काळा केलास. बस की खाली." त्या दिवसापासून मलाही फर्मा मिळू लागला. माझ्या घरी कुणी नव्हतं, त्यामुळे मला ती संध्याकाळ फार मोलाची वाटायची.

चिरुतम्माला वाचता येत नव्हतं. तिचा फर्मा दुपारी अजिता तिला वाचून दाखवायची. पण ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कसं जमतं असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, गोष्टीतली माणसं किती दमलेली आहेत ते बघायचं. पुढे पुढे ती हळू बोलतात.

मग तीच हरायला लागली. ऐकलेलं त्याच दिवशी विसरायची, दुसऱ्याच पुस्तकातलं सांगायची. आम्ही आधी हसलो. कानातलं कुणुक्क तसंच घेऊन ती विहिरीवर जायची, शेजारणी चिडवायच्या, ती त्यांना शिव्या घालायची. देवूचं हसणं आमच्यापैकी सगळ्यांत आधी थांबलं. डाव बंद करू या, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नाणुएट्टन म्हणाले, तिच्याकडे आता एवढंच राहिलंय.

त्या वर्षी वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. आमचे सचिव अच्युतन मास्तर यांच्या आजोबांनी, जे बोटीवर स्वयंपाकी होते, आपली हकिकत लिहून छापली होती. तिची एकच प्रत उरली होती, आमच्या कपाटात. समारंभात ती काचेखाली ठेवायची ठरली. मास्तरांनी ती स्वतः फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. फर्मे मोजून दे, म्हणाले. मी मोजले नाहीत. नाणुएट्टनांच्या ओसरीवर टाके कापल्यावर अकरा भरले.

तिसऱ्या दिवशी दहाच होते.

सातवा नव्हता. तो आदल्या दिवशी अजिताला आला होता. बोटीवर पीठ संपतं आणि स्वयंपाकी तांदूळ दळायला निघतो, असं काहीतरी तिने छान रंगवून सांगितलं होतं. सांगून झाल्यावर तिने तो चटईवर ठेवला होता, तिला पक्कं आठवत होतं. दुपारभर घर उलटंपालटं केलं. मी पोचलो तेव्हा देवू पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखाली वाकून बघत होती आणि चिरुतम्मा पायरीवर पान लावत बसली होती. तिच्या दोन्ही कानांत कुणुक्क होतं. आदल्या संध्याकाळी तिला एकाच कानात लागलं होतं, आणि त्या दिवशी डाव झालेलाच नव्हता.

अजिताने ते हळूच काढून उलगडलं. कातरण कोरी असते. यावर छापलेलं होतं.

पानाच्या डब्यात आणखी निघाली. सुपारीच्या खाली, चुन्याने भिजलेली, नीट घड्या घातलेली. म्हातारीने आपल्यापुरती तयारी करून ठेवली होती. रोज हरायचंच आहे, तर ऐन वेळी पोरांना कागद शोधायला लागू नये. काही पट्ट्या नीट जमल्या नाहीत म्हणून तिने चुलीत घातल्या होत्या, हेही तिने आपणहून सांगितलं. "कातरणच ना ती?" असं तिने विचारलं. तेव्हा नाणुएट्टन तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हो अम्मा, कातरणच."

पुढचे दोन दिवस आम्ही चौघं पट्ट्या जुळवत बसलो. सोळापैकी अकरा पानं उभी राहिली, डाग आणि जोड दिसत होते तरी वाचता येत होती. पाच पानं गेली. अजिता म्हणाली, मला सगळं आठवतंय, मी वळणदार अक्षरात लिहून देते. तिचे वडील नको म्हणाले. आपण सांगितलेलं ते आपलं, लोकांच्या पुस्तकात ते शिवायचं नाही. त्या पाच पानांच्या जागी त्यांनी कोरा कागद जोडला.

मग प्रश्न राहिला मास्तरांना काय सांगायचं याचा. देवूने वाळवीचं नाव घेतलं. वाळवी अशी सरळ रेघेत खात नाही, असं नाणुएट्टन म्हणाले. मग देवूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला कळलं. फर्मा आधीच नव्हता असं म्हटलं असतं तर ते खपलं असतं, कारण मी मोजलेच नव्हते. दोष मात्र माझ्यावर आला असता. ती वाट माझ्या अंगावरून जात होती, आणि मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

नाणुएट्टन माझ्याबरोबर वाचनालयात आले. कार्यकारिणीची बैठक होती, सातआठ जण होते. त्यांनी पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. मास्तर बराच वेळ त्या कोऱ्या पानांवरून बोट फिरवत राहिले.

"हे कुणी केलं, नाणू?"

"माझ्या हातून झालं, मास्तर."

"पट्ट्या पट्ट्या? हातून?"

"माझ्या घरात झालं म्हणजे माझ्याच हातून."

पिऊन होतास का, असं कुणीतरी विचारलं. ते आयुष्यात कधी प्याले नव्हते. त्यांनी पुस्तक मिटून मास्तरांपुढे सरकवलं. सुटे फर्मे घरात पत्त्यांसारखे वाटले जातात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते काढलं नाही. ते निघालं असतं तर आईचं नाव आलं असतं, माझंही आलं असतं. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होतो. ते वाक्य मीच लिहिलं : बांधणाऱ्याच्या हातून फाटले. पुस्तिकेत आलंय ते तिथूनच आलंय.

काम गेलं. कन्नूरच्या एकाला दिलं गेलं, पिशवी त्याच्याकडे बसने जाऊ लागली. गावातल्या लोकांनीही वह्या, पंचांगं त्यांच्याकडे द्यायची हळूहळू बंद केली. ते एका छापखान्यात घड्या घालायला जाऊ लागले.

मी त्यांच्या घरी जायचं टाळत होतो. पावसाळा संपल्यावर एकदा अजिता रस्त्यात भेटली आणि म्हणाली, अच्छम्मा, म्हणजे आजी, विचारते, लायब्ररी मेला का. म्हणून गेलो.

ओसरीवर चटई घातलेली होती. नाणुएट्टनांनी छापखान्यातल्या रद्दीच्या कोऱ्या कागदांना घड्या घालून फर्मे केले होते. ते त्यांनी पिसले आणि वाटले. मलाही एक दिला. चिरुतम्माने आपला डोळ्यांसमोर धरला आणि सांगायला लागली : विहीर, एक बकरी, कुणाचं तरी लग्न, मग बोट. बाकीचे मन लावून ऐकत होते. कितवा, असं तिने विचारलं. देवू म्हणाली तिसरा, अजिता म्हणाली नववा, दोघी चुकल्या. मी सातवा म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

म्हातारीने कागद खाली ठेवला.

"सातवा कुठून येईल? तो तर यानेच फाडला," ती मुलाकडे बोट करून म्हणाली. "सगळा गाव सांगतोय. लोकांचं पुस्तक, नाणू. मी तुला असं शिकवलं होतं?"

देवू काहीतरी बोलणार होती. नाणुएट्टनांनी हात वर करून तिला थांबवलं.

"चुकलं, अम्मा," ते म्हणाले.

"नुसतं चुकलं म्हणून काय होतंय. इकडे ये."

ते सरकून तिच्यापुढे आले आणि त्यांनी मान वाकवली. तिने कातरणीचा तुकडा घेतला, बोटांनी दोनदा घडी घातली. तिने तो त्यांच्या कानात नीट अडकवला, आणि मग दुसऱ्या कानासाठी आणखी एक घेतला.

माझ्या हातात माझा कोरा फर्मा तसाच होता. आता लायब्ररीने सांगायचं, असं ती म्हणाली. मी तो पालथा करून चटईवर ठेवला.