डावीकडची ओळ

आमच्या सासूबाई चिनी मातीचे मणी करत. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगत. माती तळहातावर वळायची, सुईने आरपार भोक पाडायचं, मणी वाळले की भाजायचे, मग चकाकी आणणाऱ्या ग्लेझच्या पातळ घोळात बुडवायचे. त्यापुढचं काम सगळ्यात किचकट. प्रत्येक मण्याच्या भोकाच्या दोन्ही कडा ओल्या स्पंजने पुसायच्या. तिथे ग्लेझ राहिलं, तर तारेत ओवून केलेल्या दुसऱ्या भाजणीत ते वितळतं आणि मणी तारेला कायमचा चिकटतो.

ही पुसापुशी त्या मला करू देत नसत. "तुझा हात घाईचा," म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी आपली घाईचीच.

गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की ट्रेमधली अगदी डावीकडची ओळ त्यांच्याकडून पुसायची राहते. रोज तीच ओळ. एकदा अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, त्यांचा पाणउतारा कशाला? खरं सांगायचं तर भीतीही वाटली. दुपारी त्या आडव्या झाल्या की मी ती ओळ गुपचूप पुसून ठेवायचे. असे आठ महिने गेले, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

मग मी दोन दिवस माहेरी गेले. परत आले तर सासूबाई भट्टीपुढे बसलेल्या. हातात तार, तिला निळे मणी घट्ट चिकटलेले. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"उद्या डोळे दाखवायला जाऊ," एवढंच बोलल्या.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डाव्या कडेची गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकेल.

"सहा-आठ महिने आधी यायला हवं होतं. कामात चुका होत नव्हत्या का?"

"कालपर्यंत एकही नाही," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीची घडी घातली.

"स्पंज पिळून घ्यायचीस?"

"हो, आई."

"तरीच. मला कधी कळलं नाही." चिठ्ठी पिशवीत ठेवत म्हणाल्या, "चांगलं पुसायचीस."

अकरा वर्षांत त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते हे एकदाच. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या, तर मला त्यांच्यासोबत घरी चालत जाणं सोपं गेलं असतं.