दारात लावलेला ब्रेक

माझी आत्या नगरपालिकेच्या बाजारात कपडे शिवते. ती व्हीलचेअरवर असते आणि मशीन हाताने चालवते. दिवसभर ती पाण्याचा घोट घेत नाही, कारण बाजारातल्या शौचालयाला पायऱ्या आहेत.

तिथे उतार करून द्या, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी तिने वर्षभर नगरपालिकेत खेटे घातले. साहेब दर वेळी म्हणायचे, "बघू." काय बघणार, कपाळ! शेवटी तिला लघवीचा त्रास सुरू झाला आणि पाणी का पीत नाही म्हणून डॉक्टरांनी तिलाच फैलावर घेतलं. तेव्हा मात्र तिचं टाळकं सटकलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी आमच्यासमोर पाण्याची अख्खी बाटली घटाघटा संपवली, वर चहा घेतला आणि म्हणाले, "अर्ज दिलाय ना बाई? मग जरा धीर धरा."

आत्याने व्हीलचेअर केबिनच्या दारात आडवी लावली आणि ब्रेक दाबला. केबिनला दुसरं दार नव्हतं.

साहेब आधी हसले. मग फायली चाळू लागले. मग चुळबुळ करू लागले. बाहेरून शिपाई विनवण्या करत होता, मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी साहेब घामाघूम होऊन उठले.

"ताई, बाजूला व्हा. मला जायचंय."

"कुठे?"

"अहो, कळतंय ना तुम्हाला!"

"मला तर रोजच कळतं," आत्या म्हणाली. "अर्ज द्या. बघू."