रिकाम्या जीपचे घासणारे टायर

भुताखेताची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी उलटतपासणी घेतो. अंधार होता का, अंगात ताप होता का, घेतलेली होती का... रंगलेली बैठक मोडतो म्हणून बायको चिडते माझ्यावर. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय यामुळे मला थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते भर दिवसा झालं, मी पूर्ण शुद्धीत होतो आणि दारूला मी शिवत नाही. बाकी तुम्ही ठरवा.

काळ नव्वदीच्या शेवटचा. मी जनावरांचा डॉक्टर. नेमणूक सेनगाव तालुक्यात, राहायला तिथल्याच गोरेगावला. माझ्याकडे डोंगराकडच्या वाड्या आणि तांडे होते. शेळ्या-मेंढ्या भरपूर आणि रस्ते नावापुरते. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळी माती. ही माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायची नाही. मोटारसायकलच्या चाकात अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. दोन पावसाळे मोटारसायकल ढकलत काढले आणि मग एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. मागे दोन बाजूंना समोरासमोर बाकडी, वर ताडपत्री.

जीप चांगली होती, पण टायर बारीक. दगडात खालचा डिफरन्शियलचा गोळा आपटायचा आणि चिखलात चाकं रुतायची. हिंगोलीला सलीमभाई म्हणून माझे ओळखीचे मेकॅनिक होते, टायरचंही काम करायचे. त्यांच्याकडे मोठ्या गाडीचे रुंद, जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर आले होते. मी ते पाहिले आणि त्यांच्यावर माझं मन बसलं.

सलीमभाईंनी टायर उभा करून चाकाच्या खोबणीत धरला. म्हणाले, "बैठते तो बराबर बैठते, डाक्टरसाब. लेकिन गाडी थोडी उठाना पडता. स्प्रिंगचे पाटे वाढवून देतो, वर घेऊ."

"उचलायची नाही," मी म्हणालो. "आधीच उंच आहे. आडव्या उतारावर कलंडली म्हणजे? आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया चढणार कशा?"

"मग घासतील."

"कधी?"

"स्टेअरिंग पूरं मारलं की फुडचे घासतील. मागं माणसं भरली की मागचे. अन् पावसात संभाळा. मधी जागाच न्हाई, माती ठासून बसली की चाक जाम व्हईल."

मी ऐकलं नाही. त्यांनी मडगार्डची आतली कड कापली, उरलेली ठोकून वाकवली आणि टायर बसवून दिले. स्टेअरिंग जड झालं, गाडी उचल घ्यायला आळस करू लागली, पण दगडधोंड्यातून अशी जायची की बस. मागच्या टायर आणि मडगार्डमध्ये माझी चार बोटं जेमतेम जायची. गाडी रिकामी असली की काही घासायचं नाही. तांड्यावरची माणसं बाजाराला म्हणून मागे दाटीवाटीनं बसली की मात्र पाटे दबायचे आणि प्रत्येक खड्ड्याला खर्रर्र... मागोमाग रबर तापल्याचा वास. काही दिवसांत मला मागे न बघता, नुसत्या आवाजावरून कळायचं की आज गर्दी किती आहे.

आता जागा सांगतो. वरच्या तांड्यावरून निघालं की बऱ्याच अंतरावर एक मोकळं माळरान लागायचं, कडेला पळसाची झाडं. पुढे रस्ता नाल्यात उतरायचा. नाला ओलांडून चढ चढला की डांबरी रस्त्याचा फाटा. त्या फाट्यावर सेनगाव-हिंगोलीच्या जीपा मिळायच्या.

दिवाळी होऊन गेली होती. तांड्यावर शेळ्यांना लस टोचून मी परत येत होतो, एकटाच. जेवणवेळ टळून गेलेली. माळावर रेडिएटरमध्ये पाणी टाकायला थांबलो. पाणी टाकलं, बॉनेट लावलं, गाडी सुरू केली... आणि पहिल्याच खड्ड्याला मागून खर्रर्र.

मला वाटलं एखादी फांदी अडकली. पुढच्या खड्ड्याला परत. नाल्याच्या उतारावर ब्रेक लावला तर गाडी भरल्या गाडीसारखी पुढे रेटायला लागली. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये घेईना. आरशात बघितलं. दोन रिकामी बाकडी, माझी लशीची पेटी आणि मागची ताडपत्री हलतेय. आवाज मात्र पूर्ण भरलेल्या गाडीचा. वासही आला.

पाटा तुटला, हे मी गृहीत धरलं. फाट्यावर गाडी उभी केली आणि मागच्या चाकाशी वाकलो. मडगार्ड टायरवर टेकायच्या बेतात होतं. मी बोट घालून बघितलं. एक बोटही जाईना. पाटे शाबूत होते, पण दबून पार सरळ झालेले.

मी तसाच वाकलेला असताना करकर आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग थोडा वर आला. थांबला. परत करकर, परत थोडा वर. मग जरा वेळ काही नाही, आणि मग पुन्हा. जशी माणसं एकामागून एक उतरतात ना, मागच्याला हात देत, सामान घेत... तशी ती गाडी हलकी होत गेली. शेवटी माझी चार बोटं सहज आत गेली.

फाट्यावरच्या टपरीत माणसं चहा पीत होती. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऊन लखलखीत होतं.

मी सरळ हिंगोली गाठली. सलीमभाईंनी पाटे खोलले, एकेक पुसून बघितला. कुठे चीर नाही. मग त्यांनी दुकानासमोर मागे हळदीची पोती लादून बघितली. बरीच पोती चढली तेव्हा कुठे टायर घासला. "खाली गाडी घिसतीच नै, डाक्टरसाब," ते म्हणाले. "तुमी कुणाला तरी बसवलं असणार अन् विसरले असणार." मी हो म्हणून सुटलो.

त्यानंतर माझा मदतनीस सीताराम बरोबर असताना पुन्हा तेच झालं. सीताराम पन्नाशीचा, धनगराचा, बोलायला कमी. मी त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. माळावर एक कळप आडवा आला म्हणून गाडी थांबवावी लागली. मेंढ्या गेल्या, आम्ही निघालो आणि मागून घासायला लागलं. सीताराम सीटवर जरा पुढे सरकून बसला, मागच्याचं कोपर पाठीला लागू नये म्हणून सरकतात तसा. फाट्यावर मी गाडी थांबवली तर तो उतरला, मागे गेला आणि अदबीनं बाजूला उभा राहिला. करकर आवाज होत होता.

"काहून बाजूला झालास?" मी विचारलं.

"उतरून राहिले ना, साहेब."

"कोण?"

"ते मला काय ठावं. मला बी दिसंना. पर वाट तर द्यावी लागंल का न्हाई?"

मी चौकशी केली. त्या माळावर अपघात झाला होता का, कुणी बुडालं होतं का, काही जुनं वैर, मारामारी... काहीच नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला की पूर्वी डोंगरातली माणसं दवाखान्याला, बाजाराला जायला तिथं येऊन बसायची. बैलगाडी आली तर आली. नाही आली तर दिवस कलल्यावर परत घरी. "मेलं-बिलं कोनी न्हाई तिथं," तो म्हणाला. "निस्ती वाट बगायची जागा हाय ती."

पुढे ते अधूनमधून होत राहिलं. सवय झाली असं म्हणणार नाही. मान आखडून जायची, आरशात बघायचं धाडस व्हायचं नाही. पण एक गंमत सांगतो. खड्डा आला की मागचे आदळतील म्हणून मी आपोआप ब्रेक दाबायचो... आणि मग स्वतःवरच चिडायचो.

पुढच्या पावसाळ्यात, भाद्रपदात, संततधार लागली होती. तांड्यावर एक म्हैस अडली म्हणून मी सकाळीच वर गेलो होतो, सीताराम सुट्टीवर. म्हैस मोकळी झाली आणि मी हात धुत होतो, तेवढ्यात रामधन आला. तांड्यावरचाच शेतकरी, पंचविशीचा. म्हणाला, "डाक्टर, अनिता कालधरनं तळमळून राहिली. सुईण म्हनते, लेकराचा हात आला भाईर."

अनिता त्याची बायको. पहिलंच बाळंतपण. माणसांचं मला करता येत नाही, पण हात बाहेर येणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. मूल आडवं होतं. हिंगोलीच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता आणि वेळ फार नव्हता.

जीपच्या मागे मधोमध गोधडी टाकून तिला निजवलं. तिची सासू, जिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई, ती अगदी मागच्या फळीशी अनिताचे पाय धरून आडवी बसली, तोंड बाहेरच्या बाजूला. दोन्ही बाकड्यांवर भावकीतल्या बाया, तिला धरायला. रामधन माझ्या शेजारी. गाडी ठासून भरलेली.

निघालो तेव्हापासून टायर घासत होता. माती मडगार्डमध्ये बसत होती. रामधन वारंवार उतरायचा, विळ्यानं माती कोरून काढायचा, परत चढायचा. अनिताचं ओरडणं हळूहळू कमी होत गेलं. ते मला जास्त भीती घालत होतं.

माळावर मी गाडी थांबवलीच नाही. खरं सांगतो, मला माहीत होतं तिथे काय होतं ते, आणि आज गाडीत एका माणसाचीही जागा नव्हती. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, आज नको बाबांनो, आज बाई अडलेली आहे. रामधननं माझ्याकडे बघितलं.

नाल्याला गुडघाभर पाणी होतं, ते पार केलं. चढाच्या मध्यावर वळण आहे. तिथे स्टेअरिंग पूर्ण मारलं आणि माती ठासून मागचं चाक जाम झालं. सलीमभाई म्हणाले होते तसंच. इंजिन बंद पडलं. ब्रेक दाबून धरला तरी गाडी चिखलावरून मागे सरकायला लागली, खाली, पाण्याकडे. रामधननं दार उघडलं, पण उतरायला वेळच नव्हता. मी चावी फिरवली, इंजिन लागलं, पण चाक फिरेना.

आणि मग गाडी मागून वर आली.

दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत. पाटे मोकळे झाल्याचा तो करकर आवाज मी ओळखत होतो, पण या वेळी तो एकदमच झाला, सगळीकडून. घासणं थांबलं. चाक सुटलं. गाडी त्या चिखलातून अशी वर चढली की चाकाखाली डांबर असावं. आठ-नऊ माणसं आत, आणि एकाही खड्ड्याला टायर लागला नाही.

"डाक्टर," रामधन हळूच म्हणाला, "गाडी हलकी कशी झाली?"

फाट्यावर डांबरी लागली आणि गाडी सावकाश खाली बसली. तिथून हिंगोलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला टायर घासत होता.

अनिताचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. मी बाहेर गाडीपाशी येऊन बघितलं. पुढच्या मडगार्डमध्ये काळी माती सिमेंटसारखी ठासलेली होती. मागची दोन्ही मडगार्डं आतून स्वच्छ होती. पत्रा दिसत होता. डांबरीवरच्या पाण्यानं धुतली म्हणावं, तर मग पुढची का नाही?

बारशाला मला बोलावणं आलं. याडीनं जेवू घातलं, पोरगी माझ्या मांडीवर दिली आणि समोर बसली.

"डाक्टर, त्या दिसची मान्सं कुन्या गावची व्हती?"

"कुठली माणसं, याडी?"

"वर ढकलून देल्ली ती. मी मागंच बसले व्हते, तोंडाम्होरं मान्संच मान्सं. बाया बी व्हत्या. येवढा पाऊस, पर एकाचं बी कापड भिजलं न्हवतं. मी म्हनलं, या, सरकून बसतो, जागा करतो. तर त्यातली एक म्हातारी म्हनली, आज तुमी जा."

मी रामधनला विचारलं, बाकीच्या बायांना विचारलं. त्यांना कुणीच दिसलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष अनिताकडे होतं.

परत येताना मी एकटा होतो. माळावर गाडी उभी केली, मागची फळी खाली सोडली आणि पळसाखाली जाऊन थांबलो. मोठ्यानं "बसा" म्हणालो. बराच वेळ थांबलो. वारा नव्हता. लांब कुणाची तरी शेळी ओरडत होती. शेवटी फळी लावली आणि सावकाश फाट्यापर्यंत आलो. टायर एकदाही घासला नाही. त्यानंतर बदली होईपर्यंत रिकाम्या गाडीत कधीच घासला नाही.

कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर मला खरंच ऐकायचं आहे. मला सापडलेलं नाही. सगळे म्हणतात, सुटलास. मला मात्र त्या दुपारी वाटलं की माझ्या गाडीत अधूनमधून येणारी माणसं मला एका शब्दानं न सांगता निघून गेली, आणि ती कोण होती हे विचारायचं माझं राहूनच गेलं.