लिंबांना आजारी पाडणारे सर

काष्टीजवळच्या लिंबाच्या प्रयोगबागेत मी सहायक म्हणून रुजू झाले, ती सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इस्त्रीच्या साडीतली मी. पहिल्याच सकाळी गाडेकर सरांनी माझ्या हाती सुयांची जुडी दिली. "कोवळी पानं टोचा," म्हणाले, "आणि त्यावर हे रोगट पाण्याचे थेंब सोडा."

खैऱ्या रोगाने पानांवर, फळांवर खरखरीत डाग पडत आणि तसं लिंबू बाजारात कोणी हाती धरत नसे. सरांना हा रोग न लागणारं झाड हवं होतं. म्हणून गावोगावच्या बियांपासून वाढवलेल्या झाडांना ते मुद्दाम रोग लावत. जे तगेल, त्याचीच कलमं शेतकऱ्यांना द्यायची.

पावसाळ्यात बस चुकली की सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला घरी ठेवून घेत. जेवतानाही सरांचं बोलणं लिंबांचंच असे.

दुसऱ्या वर्षी एक अख्खी ओळ स्वच्छ राहिली. आम्ही हरखलो. कलमं न्यायला या, असा निरोपही काष्टीला गेला. मग एका दुपारी सरांनी सहज एक पान उलटलं. खाली मोरचुदाचा निळसर थर होता. रोग मारणारा फवारा कोणीतरी मारला होता.

बागेचे माळी सोपानमामा खाली मान घालून पुढे आले. "म्याच मारला, सायेब. लेकरावानी वाढवली, अन् आपुनच त्यास्नी खरूज लावायची व्हय? बगवंना."

आता मामांची नोकरी जाणार, असं मला वाटलं. सर बांधावर बसले. म्हणाले, "मामा, चूक माझी आहे. हे कशासाठी चाललंय, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही." आणि त्यांनी मामांना शेजारी बसवून सगळं समजावलं.

त्या ओळीची कलमं निरोगी म्हणून तशीच खपली असती. पण सर स्वतः काष्टीच्या बाजारात गेले आणि यंदा कलमं नाहीत म्हणून सांगून आले. एक म्हातारे बागाईतदार म्हणाले, "सायेब, तुमचं लिंबू येस्तोवर आमचं दात पडत्याल." सर हसले. "मग सरबत करून देईन."

पुढच्या पावसाळ्यात रोगट पाणी मामांनीच शिंपडलं, तोंड दुसरीकडे वळवून. ओळीतली बहुतेक झाडं डागाळली. जी थोडी तगली, त्यांची कलमं काष्टीला गेली. सरबतही झालं.

त्यातलंच एक कलम सरांनी माझ्या लग्नात आहेर म्हणून दिलं. एखादा डाग त्यावरही दिसतो. अगदी निर्दोष झाड मिळालं, असं सर कधी म्हणालेच नाहीत.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. सर, यंदाही झाड लगडलं आहे. लिंबं उतरवायला या आणि अशीच ठणठणीत तब्येत घेऊन पुढे कितीतरी वर्षं येत राहा. पानं उलटून पाहा. फवारा मारलेला नाही.