बिल्किसआपांचं इंग्रजी

चुका कशा करायच्या हे शिकवणारी मीटिंग मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या गोडाउनात, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात भरली होती. आमचे टीम लीडर देवेश सर पडद्यासमोर उभं राहून सांगत होते, की इंग्रजी मेलमध्ये लांब डॅश टाकायचा नाही, अर्धविरामाकडे बघायचंही नाही, भारी शब्द काढून टाकायचे, मधूनच एखादं वाक्य लहान अक्षराने सुरू करायचं आणि अधूनमधून एखादं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं. "नॅचरल वाटलं पाहिजे," ते म्हणाले. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई तिथे असत्या तर भोवळ येऊन पडल्या असत्या. ज्या चुकांसाठी आम्ही हातावर पट्ट्या खाल्ल्या, त्याच आता पगार घेऊन करायच्या होत्या.

आमचं काम सांगते, म्हणजे घोळ लक्षात येईल. विलायतेतली एक कंपनी चादरी, टॉवेल, पडदे विकते. माल आमच्या गोडाउनातून जातो. चादर फाटकी निघाली, रंग गेला, पार्सल पोचलं नाही, की तिकडची गिऱ्हाइकं मेल करतात आणि उत्तरं आम्ही देतो. करारात स्पष्ट लिहिलेलं, की उत्तरं माणसांनीच द्यायची. पण हल्ली गिऱ्हाइकांचा कशावर विश्वास उरलेला नाही. लांब डॅश दिसला, वाक्य जरा सुबक निघालं, की लगेच ओरड, हा रोबोट बोलतोय, मला माणूस द्या. तक्रारी वाढल्या, विलायतेहून दम आला, आणि त्यावर देवेश सरांनी शोधलेला हा उतारा.

गिऱ्हाइकांचं काही चुकत नव्हतं म्हणा. आम्ही सगळे एआयकडूनच लिहून घेत होतो. आमच्या ऑफिसनेच कॉम्प्युटरवर एक बटण दिलं होतं, ते दाबलं की उत्तर तयार. करार गेला उडत. मी मनाली, खारबावची. इंग्रजी वाचून कळतं, लिहायला बसलं की घाम फुटतो. आयतं बटण मिळाल्यावर मी सोडते काय? ते बटण न दाबणारी आख्ख्या ऑफिसात एकच बाई होती, बिल्किसआपा.

आठवड्याभराने देवेश सरांनी सगळ्यांचे मेल एका तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढले. यंत्राने लिहिलेलं कोणतं आणि माणसाचं कोणतं हे ते ओळखतं म्हणे. बटण दाबून काढलेले आणि मग जागोजाग मोडून ठेवलेले माझे मेल शुद्ध मानवी ठरले. बिल्किसआपांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केलेले मेल मात्र लाल रंगात सगळ्यात वर, यंत्राचे म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितली आणि मला हसू आलं. आपांचा चेहरा बघितल्यावर मात्र मी ते आवरलं.

देवेश सर माणूस वाईट नाही, फक्त वरच्यांना घाबरतो. ते आपांच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "आपा, सगळेच करतात. थोडं बिघडवा ना. दोन डॅश काढले तर तुमचं काय जातं?"

"माझंच जातं, बेटा. दुसऱ्या कुणाचं नाही जात."

"सोमवारी क्लायंटच्या मॅडम व्हिडिओवर येणार आहेत. तोवर तुमचं लाल गेलं नाही, तर मला तुम्हाला खाली रिटर्नमध्ये टाकावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

रिटर्न म्हणजे तळमजल्यावर परत आलेल्या चादरी फोडायच्या, डाग बघायचे आणि ढीग लावायचे. काम म्हणून ते हलकं नाही, आमच्या गावच्या कितीतरी बायका इमानाने करतात. पण आपांना ते का झोंबलं असेल हे कळायला त्यांचं इंग्रजी कुठून आलं ते माहीत हवं.

आपांचे वडील जब्बारशेठ, भिवंडीतले जुने यंत्रमागवाले, कोकणी मुसलमान. घरात मराठी, बाजारात हिंदी, मदरशात उर्दू, आणि इंग्रजी कुठेच नाही. पण मामूंचं रद्दीचं गोडाउन होतं. परदेशातून जुन्या मासिकांच्या, पुस्तकांच्या गासड्या तिथे यायच्या, लगदा व्हायला. शाळेतून सुटलेली बिल्किस त्या गासड्यांवर चढून बसायची आणि हाताला लागेल ते वाचायची. विलायतेतल्या बायकांची मासिकं, पाककृती, बागकामाचे सल्ले, आणि सगळ्यात आवडीची म्हणजे वाचकांची पत्रं. कुठल्या तरी गावातली कुणी बाई आपल्या सुनेबद्दल लिहायची, मध्येच थांबायची, एक लांब रेघ, म्हणजे हाच डॅश, मारायची आणि मग मनातलं खरं सांगून टाकायची. आपा म्हणतात, ती रेघ बघून त्यांना पहिल्यांदा वाटलं की इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा आपल्यासारखीच बोलता बोलता अडखळतात. शब्दकोश मांडीवर घेऊन आपा त्या रेघेसकट लिहायला शिकल्या.

बोलायला मात्र समोर कुणीच नव्हतं. त्यामुळे आजही तोंडाने इंग्रजी बोलायचं म्हटलं की आपा चाचपडतात, आणि लिहायला बसल्या की हात थांबत नाही. लग्न झालं, संसार झाला. शौहर तनवीरभाईंचे लूम भंगारात गेले, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या आपा या नोकरीला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या इंग्रजीला कुणी वाचणारं मिळालं होतं, आणि आता तेच इंग्रजी त्यांचं नाही असं ऑफिस म्हणत होतं.

मी त्यांना समजवायला गेले. "आपा, कशाला वाकड्यात शिरताय? एक स्पेलिंग मोडलं तं हात मोडत न्हाय."

"मनाली, तुझी सासू तांदळाची भाकरी कशी थापते?"

"गोल. एकदम पातळ."

"उद्या मशीनची भाकरी पण गोल निघाली, तर तुझी सासू मुद्दाम वाकडी थापेल?"

माझी सासू जानकीबाई तसं सुचवणाऱ्याच्या डोक्यात परात घालेल. मी माझ्या टेबलाशी परत आले. पण मनातून मला आपांचा राग आला होता, कारण त्यांचा हट्ट आम्हा सगळ्यांना उघडं पाडणार हे दिसत होतं.

सोमवारी दुपारी मॅडम पडद्यावर आल्या. देवेश सरांनी सुरुवात गुळमट केली, सगळं आता सुधारलंय वगैरे. बिल्किसआपा उभ्या राहिल्या. माझे मेल मीच लिहिते, असं त्या इंग्रजीत सांगू लागल्या, दुसऱ्या वाक्याला अडकल्या, तिसरं अर्धं सोडलं. मॅडमच्या कपाळावर आठी आली. जिला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत ती असं सुरेख लिहीलच कशी, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं. मला वाटलं, संपलं, आपा गेल्या रिटर्नमध्ये.

आपांनी देवेश सरांकडे वळून मराठीत सांगितलं, "त्यांना सांग. आमच्या धंद्यात व्यापाऱ्याने ताका परत पाठवला, की मागवाला म्हणतो, ताका माझ्यासमोर उलगडा. टेबलावर पसरा आणि डाग कुठे आहे तिथे बोट ठेवा. ढिगाकडे बघून माल खराब आहे असं म्हणायचं नाही. माझे मेल माझ्यासमोर उलगडा."

देवेश सरांनी ताका म्हणजे कापडाचा लांब तागा वगैरे समजावत ते कसंबसं इंग्रजीत घातलं. मॅडमना ते पटलं असावं. त्यांनी तक्रारी आलेले मेल एकेक करून पडद्यावर उघडले. एका मेलवर त्यांचा बाण थांबला. टॉवेल उशिरा पोचल्याबद्दल माफी मागून शेवटी लिहिलं होतं, तुमचा शुक्रवार आरामात जावो. मेल मंगळवारचा होता. मॅडम म्हणाल्या, की हे वाक्य पन्नास जणांना गेलंय, कुणाला सोमवारी, कुणाला रविवारी, आणि लोक आमची टिंगल करतायत. असं वाक्य माणूस लिहील का?

त्या मेलखाली नाव माझं होतं. मी टेबलाखाली शिरायचीच बाकी होते.

आपा पडद्याजवळ गेल्या आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हा मेल माझा नाही. हे वाक्य माझं आहे." मग त्या मराठीत सांगत गेल्या आणि देवेश सर इंग्रजीत घालत गेले. त्यांच्या घरचे माग शुक्रवारी बंद असायचे. आठवडाभराचा खडखडाट थांबायचा, अब्बा दुपारच्या नमाजनंतर सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे. सुट्टी म्हणजे शुक्रवार, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नोकरीला लागल्यावर गुरुवारी संध्याकाळी शेवटचा मेल लिहिताना त्या सवयीने तसं लिहून जायच्या. नंतर कळलं की तिकडे सुट्टी रविवारी, आणि लिहिणं सोडलं. "पण मी सोडलेलं वाक्य हिच्या मेलमध्ये आलं कुठून?"

सगळ्यांच्या माना देवेश सरांकडे वळल्या. सर पाणी प्यायले, मग कबूल झाले. बटण बसवताना ऑफिसातले सगळ्यात चांगले जुने मेल नमुन्याला मागितले होते, त्यांनी आपांचे दिले होते. सगळे.

"मला विचारलं होतंस?"

"नाही, आपा."

म्हणजे इतके दिवस आम्ही सगळे आपांच्याच तोंडाने बोलत होतो. त्यांचे डॅश, त्यांची माफी मागायची रीत, त्यांचा शुक्रवार. आणि आपांसारखं लिहितात म्हणून दोषी कोण, तर आपा. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

मॅडमनी तो मेल बंद केला. मग नरमाईने म्हणाल्या, की माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण व्यवहार बघा. लोकांना आता डॅश दिसला की यंत्र दिसतं. तुम्ही थोडं साधं, थोडं तुटक लिहिलंत तर सगळ्यांचंच सोपं होईल.

आपांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या सरळ आपल्या टेबलाशी गेल्या, त्यांचा कॉम्प्युटर पडद्याला जोडायला सांगितला आणि लिहू लागल्या. अक्षरं आमच्या डोळ्यांसमोर एकामागून एक उमटत गेली, न थांबता. त्यांनी इंग्रजीत लिहिलं ते मला पाठ आहे, मराठीत सांगते: मॅडम, चोराने माझे कपडे पळवले आणि तो ते घालून गावात हिंडू लागला, तर मी उघडं फिरावं का? तुमची गिऱ्हाइकं माणूस मागतायत. इथे एक माणूस बसलेलं आहे. इथे त्यांनी लांब रेघ ओढली, क्षणभर थांबल्या, आणि पुढे लिहिलं: ते असंच लिहितं.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, ठीक आहे. बिल्किसचे मेल ती लिहील तसे जातील. आणि ते बटण आजपासून बंद, बाकीच्यांनी स्वतः लिहायचं.

आपांचं टेबल राहिलं, आणि आमचं सुख गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपांशी कुणी धड बोलेना. चहाला कुणी बोलावलं नाही. मीसुद्धा तोंड फुगवून बसले होते, कारण समोर एका बाईची चादर उसवलेली होती आणि मला पहिलं वाक्य सुचत नव्हतं. आपा खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "ती बाई तुझ्या दारात आली असती तर काय म्हणाली असतीस?"

"बाय, चूक आमची हाय. दुसरी धाडते."

"मग तेच लिही."

तेच लिहिलं. त्यात दोन चुका होत्या, खऱ्याखुऱ्या, माझ्या स्वतःच्या. आपांनी एकीला हात लावला नाही. त्या बाईचं उत्तर आलं, आभार मानलेले आणि वर माझं नाव लिहिलेलं. मी ते घरी सासूला दाखवलं.

महिनाभराने देवेश सर हसत हसत आपांच्या टेबलाशी आले. रोबोटच्या तक्रारी थांबल्या होत्या आणि विलायतेला आपांचे मेल फार आवडले होते. इतके, की त्यांना आता नवीन बटण बनवायचं होतं, थेट आपांच्या हाताखाली शिकवलेलं. आपांचे सगळे नवे मेल त्याला द्यायचे, चुकलं तिथे आपांनी दुरुस्त करायचं. पगार वाढणार होता, टेबलाऐवजी काचेची केबिन मिळणार होती. आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. बटण परत येणार म्हणून दोघी-तिघींचे चेहरे तर आत्ताच उजळले होते. तनवीरभाईंना अजून काम मिळालेलं नव्हतं हे मला माहीत होतं. त्यामुळे आपा हो म्हणतील असंच मला वाटलं.

आपांनी हातातलं वाक्य पूर्ण केलं आणि मान वर केली. "मागच्या वेळी मला विचारलं नव्हतंस."

"म्हणून तर आपा, या वेळी नीट विचारायला आलो."

"चांगलं केलंस, बेटा. विचारलंस तर उत्तर मिळतं."

"मग काय कळवू?"

"नाही म्हणून कळव," आपा म्हणाल्या आणि पुढचा मेल उघडला.