काटेवाल्यांचं कोपर

"रात्री घोरता का?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि काटेवाले पटकन म्हणाले, "छे छे!"

प्रश्न होता त्यांच्या बायकोला. उत्तर दिलं नवऱ्याने, तेही प्रश्न पुरता संपायच्या आत. डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसे काटेवाले भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "लग्नानंतर सुरुवातीला मी थोडं घोरायचे म्हणे. मग गेलं ते."

गेलं वगैरे काही नव्हतं. कुठे जातंय!

काटेवाले दुकानोदुकानी फिरून वजनकाटे दुरुस्त करत. पिशवीत प्रमाण वजनं, पेचकस, मऊ ब्रश आणि तेलाची कुपी. एखादा दुकानदार गालात हसून म्हणे, "जरा आमच्या बाजूने झुकू द्या की काटा." अशा वेळी समोर आलेला चहा तसाच ठेवून काटेवाले उठत. "माझा काटा खोटं बोलत नाही," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की लोक त्यांना पाहून तेच म्हणून दाखवत. असा हा माणूस त्या दिवशी दवाखान्यात धडधडीत खोटं बोलला, आणि त्याला कारण होतं सव्वीस वर्षांपूर्वीची एक शपथ.

नवं लग्न होतं. कुणा नातेवाइकांकडे सगळी मंडळी एका मोठ्या खोलीत झोपली होती. सकाळी काटेवाल्यांच्या थोरल्या बहिणीने चहाच्या वेळी नव्या भावजयीच्या घोरण्याची नक्कल केली. नक्कल हुबेहूब होती. लोक हसून हसून लोळले. भावजय मोरीत गेली, नळ सोडला आणि रडली. त्या रात्री तिने नवऱ्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "मी घोरते असं कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

'मलासुद्धा नाही' हे जरा जास्तच होतं. पण काटेवाले शब्दाचे पक्के. त्यांनी सांगितलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं, आणि बाईंची खात्री पटली की आपलं घोरणं थांबलं. पुढे त्या ग्रंथालयात कामाला लागल्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. वाचनकक्षात कुणी कुजबुजलं तरी त्या तोंडावर बोट ठेवून अशा बघत की भल्याभल्यांची बोलती बंद होई. याच बाईंच्या घोरण्याने रात्री कपाटाची काच थरथरते, हे जगात एकट्या काटेवाल्यांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घोरण्याचा त्यांना त्रास नव्हता. आवाज चालू असला की त्यांना गाढ झोप लागे. जाग यायची ती आवाज थांबला की. चार-पाच वर्षांपूर्वीपासून तो मध्येच थांबू लागला होता. छाती हलायची, पण श्वास यायचा नाही. काटेवाले अंधारात मोजत. एक, दोन, तीन... सातला ते बायकोच्या बरगडीत हलकेच कोपर मारत. ती फुस्सकन श्वास घेई, कूस बदले आणि झोपेतच पुटपुटे, "अहो, काय हे!" रात्रीतून किती वेळा, ते त्यांनी मोजलं नव्हतं.

सकाळी बाईंचं डोकं ठणकायचं. ग्रंथालयात भरदुपारी नोंदवहीवर त्यांची मान पडायची. दोष कुणाचा? अर्थात नवऱ्याचा. "हे झोपेत कोपरं मारतात, मला मेलीला झोप कुठून मिळणार?" हे त्या येईल त्याला सांगत. काटेवाल्यांची थोरली बहीण तर भावाला भेटली की पहिल्यांदा आपल्या बरगड्या झाकून घ्यायची आणि मग हसायची. काटेवालेही हसत. एकदा तर बाईंनी पलंगाच्या मधोमध लोड ठेवला. काटेवाले लोडावरून हात टाकून कोपर मारू लागले. करणार काय?

आता बाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. महिन्याभरात तीनदा त्या पोट धरून जमिनीवर बसल्या होत्या. शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्याआधीची ही तपासणी. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, तो चढलेला. सकाळच्या डोकेदुखीचं विचारलं, दिवसा डुलकी लागते का ते विचारलं. मग टेपने बाईंची मान मोजली आणि काटेवाल्यांकडे न बघता म्हणाल्या, "शस्त्रक्रियेआधी एक रात्र झोपेची तपासणी करून घेऊ या. काही लोकांचा झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. भूल दिल्यावर घसा आणखी सैल पडतो. आम्हाला ते आधी माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं."

काटेवाल्यांनी डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. आपण आत्ताच 'छे छे' म्हणालो. हे 'छे छे' कागदावर उतरलंय.

तपासणीला चार दिवस होते. चारही दिवस ते सांगायचं म्हणून तोंड उघडत आणि भलतंच काहीतरी विचारत. "मीठ संपलंय का गं?" बायको म्हणाली, "तुम्हाला झालंय तरी काय?" शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की यंत्र आपोआप सांगेलच. आपला शब्दही मोडणार नाही आणि तिचा जीवही वाचेल.

सूचनांचा कागद त्यांनी पाठ केला होता. केस धुऊन या, तेल लावू नका. दुपारनंतर चहा-कॉफी नको. त्या दिवशी दुपारी झोपू नका. नखांना रंग नको. रोजची औषधं डॉक्टरांना विचारून घ्या. रात्रीचे सैल कपडे आणि हवी असेल तर स्वतःची उशी आणा. बाईंनी उशी घेतली. काटेवाल्यांनी सवयीने आपली हत्यारांची पिशवीही घेतली, ती बायकोने दारातूनच परत ठेवायला लावली.

खोली साधीच होती. एक पलंग, एक खुर्ची, जाड पडदे आणि छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. तंत्रज्ञ मुलगी तिशीतली, हात चटपटीत. ती एकेक गोष्ट लावत गेली आणि सांगत गेली. डोक्यावर आणि डोळ्यांच्या कडेला चिकट मलमाने बसवलेल्या चकत्या, म्हणजे झोप कधी लागली ते कळतं. हनुवटीवर, छातीवर आणि पायांवर आणखी काही. छाती-पोटाभोवती दोन पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा.

"सुई कुठे टोचायची असते?" बाईंनी विचारलं.

"कुठेच नाही, काकू. काहीही दुखत नाही. रात्री बाथरूमला जायचं असेल तर नुसतं बोला, मी पलीकडच्याच खोलीत आहे. सगळ्या वायरी एकाच पेटीत आहेत, पेटी काढली की चाललात."

"आणि एवढ्या पसाऱ्यात झोपच आली नाही तर?"

"सगळे असंच म्हणतात. येते. घरच्यासारखी नाही, पण आम्हाला पुरेल एवढी येते."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हसू नका," त्या म्हणाल्या. काटेवाले हसत नव्हते. त्या वायरींच्या जंजाळात बायको फार लहान दिसत होती आणि त्यांना भीती वाटत होती.

सोबत्याला खुर्चीत बसायची परवानगी होती. दिवा मालवला. अर्ध्या तासाने ओळखीचा आवाज सुरू झाला, वाढला, आणि मग थांबला. काटेवाल्यांनी मोजलं. सात झाले. ते खुर्ची पुढे सरकवून वाकले आणि त्यांनी कोपर लावलं. श्वास आला. ते परत टेकले. असं पाच-सहा वेळा झालं. सातव्या वेळी दार हळूच उघडलं.

"काका," मुलगी कुजबुजली, "तुम्ही त्यांना उठवताय."

"श्वास थांबला होता."

"तेच तर बघायचंय आम्हाला."

"अहो पण थांबला होता ना!"

ती त्यांच्याजवळ खाली बसली. "तुम्ही दर वेळी उठवलंत तर सकाळी कागदावर काही विशेष दिसणार नाही. तो कागद बघून भूल देतील. भूल देताना तिथे तुम्ही नसाल, काका. मी पडद्यावर सगळं बघतेय. ऑक्सिजन फार उतरला तर मी धावत येईन. हवं तर बाहेर बसा."

काटेवाल्यांना ते एका क्षणात कळलं. काट्यावर बोट ठेवायचं नसतं, हे ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते, आणि इथे बोट त्यांचंच होतं.

"इथेच बसतो," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. आवाज थांबला. पाच, सहा, सात. कोपर आपोआप उचलायला लागलं, त्यांनी ते दाबून धरलं. आठ. नऊ. सातच्या पुढे ते कधी गेलेच नव्हते. बारा. अठरा. बायकोची छाती पट्ट्याखाली धडपडत होती आणि आत काहीच जात नव्हतं. पंचवीस. काटेवाल्यांचे डोळे भरून आले. बत्तीसला ती घशातून केवढ्याने तरी घरघरली आणि श्वास आला. त्यांचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच पुन्हा सगळं थांबलं.

दोन तास ते तसे बसले. मुंग्या येऊन हात बधिर झाले. आपण सव्वीस वर्षं जे झाकलं ते हे, असं त्यांना वाटत राहिलं. तोंडाला कुलूप घालून आपण हिचा मान राखला, पण उद्या हिचा जीव गेला असता तर त्या मानाचं काय लोणचं घालायचं होतं?

दोनच्या सुमारास मुलगी आली. तिने नाकावर बसणारा एक मास्क लावला आणि बारीकसं यंत्र सुरू केलं. "हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो," ती म्हणाली. हळूहळू खोलीत संथ, एकसारखा श्वास ऐकू येऊ लागला. काटेवाले सातपर्यंत मोजायला बसले, पण मोजायला काही उरलंच नाही. पहाटेपर्यंत ते टक्क जागे होते.

सकाळी वायरी काढताना मुलगी म्हणाली, "नक्की काय ते डॉक्टर सांगतील. पण काकू, घरी तुम्हाला कुणीतरी उठवत असणार. रात्री श्वास थांबला की काका बरोबर सातव्या सेकंदाला तुम्हाला कोपर लावत होते. घड्याळ लावल्यासारखं."

बाई केसांतलं मलम पुसत राहिल्या. घरी पोचल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?"

"तूच म्हणाली होतीस. मलासुद्धा नाही."

"मी बावीस वर्षांची होते तेव्हा! मूर्ख होते!" त्या ओरडल्या, आणि मग एकदम खाली बसल्या. "आणि मी तो लोड ठेवला होता मध्ये," त्या म्हणाल्या.

अहवाल आला. तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता. शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे गेली, तोवर रोज रात्री मास्क. बाईंनी कुरकुर केली नाही. आठवड्याभरात सकाळची डोकेदुखी गेली. काटेवाल्यांची झोप मात्र उडाली. ते शांततेत दचकून उठत, बायकोच्या पोटावर हात ठेवून बघत.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाई हिरव्या कपड्यांत पलंगावर बसल्या होत्या. दिमतीला आलेली काटेवाल्यांची थोरली बहीण शेजारीच उभी होती, सवयीने बरगड्या झाकून हसत. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या आणि त्यांनी नियमाप्रमाणे सगळे प्रश्न पुन्हा विचारले.

"रात्री घोरता?"

काटेवाल्यांनी श्वास रोखला. नक्कल करणारी समोरच उभी होती.

"घोरते," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत, पलीकडच्या पलंगावरच्या माणसाने मान वळवली. "सव्वीस वर्षं घोरते. श्वासही अडतो, सगळं लिहा. आणि वन्सं, हे झोपेत कोपर मारत नाहीत. कधीच मारलं नाही. ते मला उठवत होते, मी मरू नये म्हणून."

बहिणीचे हात बरगड्यांवरून हळूहळू खाली आले. काटेवाले कॅलेंडर शोधू लागले, पण त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं.

दीड तास त्यांनी बंद दाराकडे बघत काढला. सातपर्यंत मोजायचे, पुन्हा एकपासून सुरू करायचे. दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं नीट झालंय. मास्क लावलाय, श्वास छान चाललाय," तेव्हाही त्यांचं मोजणं थांबलं नाही.

संध्याकाळी ते बायकोच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. मास्कमधून संथ श्वास येत होता, पडद्यावरचे आकडे स्थिर होते. कधी डोकं गादीच्या कडेला टेकलं ते त्यांना कळलं नाही.

खांद्याला काहीतरी टोचलं. ते दचकून उठले. बायकोने मास्क जरासा बाजूला केला होता आणि चिमटा लावलेल्या बोटाने ती त्यांना ढोसत होती.

"काय गं? दुखतंय? श्वास..."

"अहो," ती कुजबुजली, "घोरताय तुम्ही."

काटेवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."